पुस्तकाला लागलेला पाय

बाबा, तुमच्या त्या फ्रेंच लेखिकेची कादंबरी आता मराठीतही आली. वहिनीने पुण्याहून पाठवली. पार्सल फोडलं, कव्हर बघितलं आणि इतक्या वर्षांनीसुद्धा माझी पाठ आखडली.

तुमची म्हणते, कारण इंग्लंडात, वॉटफर्डच्या आपल्या घरात तिला तुम्हीच आणलंत. एटीजच्या शेवटी ट्रेनमध्ये ज्याच्या त्याच्या हातात तेच पुस्तक असायचं. ब्रॅकनेलच्या तुमच्या ऑफिसात लंचला त्याच्याच गप्पा, जपानहून आलेल्या क्लायंटनेही ते वाचलेलं. मग आपण कसे मागे राहणार? हार्डबॅक घेऊन आलात आणि स्वतः एक पान उघडलं नाहीत! वाचायचं मी, मिरवायचं तुम्ही. फ्रंट रूममध्ये पाहुणे बसले की तुमचा तोरा काय विचारता. "अख्खं जग वाचतंय हे. आमची ही तर ओरिजनल फ्रेंचमध्ये वाचेल, ए-लेव्हलला, म्हणजे बारावीला, फ्रेंच आहे तिला."

त्या रविवारी इल्फर्डचे काका-काकू आले होते. काकांनी सहज विचारलं, "एवढं काय आहे गं त्यात?" मी बिस्किटांची बशी पुढे केली. "सांग की, लाजतेस काय!" हे तुम्हीच म्हणालात. मग सांगितलं. "एक बाप आहे, काका. बाहेर एकदम जंटलमन. घरी मुलीला पट्ट्याने मारतो. आई किचनमध्ये नळ सोडून ठेवते, आवाज शेजारी जाऊ नये म्हणून." आपल्या किचनमधला नळ चालू होता, तो बंद झाला. काकूंनी चहा अर्धा ठेवला.

त्यांची गाडी वळते न वळते तोच तुम्ही पट्टा काढलात. "माझ्या घरात राहून माझीच अब्रू वेशीवर टांगतेस?" पहिला फटका मानेवर, दुसऱ्याला बकल कानावर. ओठ फुटला, तोंडभर रक्त. केस धरून फरफटवलंत. आई मध्ये पडली, "अहो, पुरे! मरेल ती!" तिलाही भिंतीवर ढकललंत. टेबलावरचं हार्डबॅक माझ्याशेजारी कार्पेटवर पडलं, आणि माझ्या बरगडीत घातलेली लाथ त्याला घासून गेली.

तुम्ही थांबलात. वाकलात. पुस्तकाला हात लावून तो कपाळाला लावलात, डोळे मिटून. ते पुसून शेल्फवर नीट ठेवलंत. आणि पट्टा पुन्हा उचललात.

पुढे ती लेखिका लंडनला सह्या द्यायला आली, तेव्हा गेले होते मी. रांग दुकानाबाहेर फुटपाथपर्यंत, देशोदेशीची माणसं. पेपरवाले लिहायचे, एवढी कशी खपते ही, भाषेचा गोडवा म्हणे. डोंबलाचा गोडवा! रांगेत येऊन उभं राहायचं होतं त्यांनी. माझ्या पुढच्या पोलिश बाईचं मनगट वाकडं जुळलेलं होतं. तिने माझ्या कानाकडे बघितलं.

तुमच्या शेवटच्या आठवड्यात मी हॉस्पिटलमध्ये रोज येऊन बसायचे. आज म्हणाल, "चुकलं गं माझं." तेवढ्यासाठीच यायचे, खोटं कशाला बोलू? तुम्ही पाणी मागायचात, मी पाजायचे.

आता हे पत्र कुठे टाकणार? त्या मराठी पुस्तकातच ठेवते. पण एक सांगायचंय, आईलाही कधी बोलले नाही. तुम्ही वाकलात ना, तेव्हा मी हात पुढे केला होता. मला वाटलं, मला उचलायला वाकलात.