बाबांचा नऊ नंबरचा रंग

बराक क्र. ४
दि. १८ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सुयोगचा सा. न. वि. वि.

इथल्या फोनवर पाच मिनिटं मिळतात आणि ती तुझ्या रडण्यातच जातात, म्हणून लिहितोय. मी बरा आहे. परवा पाण्याच्या रांगेत एकाने दुसऱ्याच्या तोंडावर जर्मनची थाळी हाणली. भुवई फाटून डोळ्यात रक्त उतरलं. मी मध्ये पडलो नाही. तू शपथ घातली आहेस ना, ती पाळतोय.

एक काम आहे. गाडी उभी राहून सडेल, ती माझ्या दोस्ताला, विपुलला टूरवर चालवायला दे. पण त्याआधी डाव्या मागच्या दारावरचे चार टवके बुजवून घे, नाहीतर पत्रा गंज धरेल. शेजारच्या श्यामसुंदरने टवके उडवले ते उडवले, वर पिवळट रंग फासून चोरी लपवायला गेला. वकिलांनी फोटो काढून घेतलेत, तेव्हा हात लावायला हरकत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर आहे, त्यावर रंगाचा कोड आहे. नुसत्या कोडवर जाऊ नकोस, गाडीने सहा वर्षं ऊन खाल्लंय. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या हरेश्वरकडे जा, तो गाडी बघून रंग मिसळतो. कार्डावर ठिपका लावायचा, वाळू द्यायचा आणि दुपारच्या उन्हात दाराला लावून बघायचं. ट्यूबलाइटखाली सगळेच रंग साळसूद दिसतात.

जामिनाची तारीख बारा डिसेंबर. श्यामसुंदरला गाडीशी चाळे करताना पाहिलं, असा बाबांनी लेखी जबाब दिला तर काम सोपं होईल असं वकील म्हणतात. बाबा दिवसभर खिडकीतच असतात, त्यांनी पाहिलं असणारच.

श्यामसुंदरचा जबडा मी मोडला याचं मला वाईट वाटत नाही. तुझ्याशी खोटं कशाला लिहू? त्याचं कोपर मोडताना झालेला आवाज मात्र अजून कानात आहे.

बाबांना नमस्कार. रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.
तुझा,
सुयोग


भांडुप
दि. २५ नोव्हेंबर २०२४

चि. सुयोग यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

लहानपणी बुटाला पॉलिश कमी लागलं म्हणून शाळेला दांडी मारणारा तू, तुरुंगातूनही गाडीचा रंग निवडणारच. माझ्या शाळेत अर्धी रजा टाकली आणि विपुलबरोबर चारकोपला जाऊन आले.

तू म्हणालास तेच झालं. कोडाचा रंग दारावर परक्यासारखा दिसला. मग हरेश्वरभाऊंनी कार्डावर सात ठिपके काढले आणि मलाच निवडायला सांगितलं. मी चौथा निवडला, ते हसले आणि त्यांनी सहावा बाटलीत भरून दिला, दाराला लावायचा अजून आहे. ते म्हणाले, या पांढऱ्यात निळ्याचा एक थेंब असतो, तोच गाडीला जिवंत ठेवतो.

मग त्यांनी जुना पिवळट रंग नखाने खरवडला आणि बराच वेळ बघत बसले. म्हणाले, हे चोराचं काम नाही. ज्याने लावला त्याने आधी बारीक पॉलिशपेपर मारलाय, कडा उतरवल्यात, दोन हात दिलेत. माणूस कसबी आहे, फक्त त्याला निळा दिसत नाही. त्यांचे वडील मालाडला होड्या रंगवायचे. मोतीबिंदू पिकला तेव्हा त्यांच्याही हातून निळा असाच सुटायचा.  

बाबांना जबाबाचं विचारलं. ते हो म्हणाले, पण कपातला चहा मांडीवर सांडला. तू मारलंस तिथलं, गॅलरीतल्या लाद्यांच्या फटीतलं रक्त साबणाने जात नाही. श्यामसुंदरची बायको रोज सकाळी खराट्याने घासते आणि माझ्याकडे बघत नाही.

स्वतःला जप. माया आहेच.
तुझी,
सुलक्षणाताई


बराक क्र. ४
दि. २९ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हरेश्वरला रंग मिसळायला सांगितला होता, भविष्य सांगायला नाही. श्यामसुंदरने कुणा म्हाताऱ्या पेंटरकडून करून घेतलं असेल. त्या संध्याकाळी रंगाची बाटली त्याच्याच हातात होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. आदल्या दिवशी पार्किंगवरून तोच भांडला होता. विचारलं तर खाली मान घालून उभा राहिला. खरा असता तर बोलला असता. मग मी डिकीतून जॅकचा दांडा काढला.

माझ्या गाडीला हात लावणारा कुणीही असो, बाहेर आल्यावर त्याचे दोन्ही हात मोडीन. बाबांचा जबाब लवकर घे. एवढं माझ्यासाठी कर.
तुझा,
सुयोग


भांडुप
दि. ४ डिसेंबर २०२४

चि. सुयोग यास,
अनेक आशीर्वाद.

बसून वाच.

जबाबासाठी बाबांचं आधार कार्ड हवं होतं म्हणून त्यांची ट्रंक उघडली. आत रंगाच्या दोन-तीन बाटल्या, बारीक ब्रश आणि कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा तुकडा सापडला. त्यावर अकरा ठिपके, प्रत्येकाखाली बाबांच्या अक्षरात नंबर, गिरणीत रंगखात्यात असताना घालायचे तसे. नवव्याभोवती गोल केलाय. अकराच्या अकरा पिवळट आहेत रे. चाळीस पांढरे ओळखायचो म्हणून आयुष्यभर मिरवणाऱ्या माणसाला एवढं दिसलं नाही.

तो पुठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. ते उठले आणि मोरीतल्या पाण्याच्या पिंपामागे जाऊन बसले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, लहानपणी जिथे तू लपायचास तिथे.

मग हळूहळू सांगितलं. दिवाळीआधी ढेकणांसाठी लोखंडी खाट उन्हात टाकायला काढली. दुसरं टोक श्यामसुंदरने धरलं होतं. बाबांचा हात सुटला आणि खाटेचे पाय गाडीच्या दारावर आपटले. श्यामसुंदर म्हणाला, सुयोगला सांगून टाकू. बाबांनी त्याच्यापुढे हात जोडले. म्हणून त्याने बाजारातून रंग आणून दिला. त्या संध्याकाळी आणखी एक बाटली घेऊन तो आपल्याच घरी येत होता. तू मारत होतास तेव्हा बाबा खिडकीत होते. तोंड उघडलं पण आवाज फुटला नाही, असं म्हणतात.

मी श्यामसुंदरकडे गेले. जबडा तारेने बांधलाय, धड हाताने पाटीवर लिहितो. का बोलला नाहीस, असं विचारलं. त्याने लिहिलं, माझी हाडं जुळतील, काकांची या वयात जुळली नसती.

बाबा तुझ्या तारखेआधी आत्याकडे गावी जायचं म्हणून पिशवी भरून बसलेत. त्यांना तुझी भीती वाटते. सुयोग, मलाही वाटते. जबाबावर मी त्यांची सही घेणार नाही. पुढे काय करायचं ते तू सांग.
तुझी,
ताई


बराक क्र. ४
दि. ९ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आलंय, डाव्या हाताने लिहितोय. तुझं पत्र वाचून झालं तेव्हा शेजारचा एक पोरगेला माणूस कशावरून तरी हसत होता. मी त्याचा गळा धरला. चौघांनी ओढून काढलं. मग भिंतीवर उजवा हात हाणत राहिलो. दोन हाडं मोडली. आवाज तोच होता.

दवाखान्यात पडल्या पडल्या बाबांचा दाढीचा आरसा आठवला. मी आठ वर्षांचा असताना चेंडू लागून फुटला, तेव्हा भाताची शितं लावून मी तो चिकटवला होता. दिसणार नाही असं मला खरंच वाटलं होतं. बाबांनी मला पिंपामागून केसांना धरून ओढलं आणि गिरणीतला पट्टा काढला. तू मध्ये मनगट घातलंस, तो वळ अजून आहे. तेव्हा ठरवलं होतं, मोठा झालो की मला कुणी भिणार नाही असा होईन. काय झालो ते तू लिहिलंच आहेस.

वकिलांना सांगितलं, बाबांचा जबाब नको. श्यामसुंदरने गाडीला हात लावला नव्हता आणि मीच मारलं, हे कोर्टात बोलणार आहे. जामीन जाईल म्हणाले. जाऊ दे. श्यामसुंदरची माफी मागायला अजून तोंड नाही, तोवर त्या लाद्या तू घास, त्याच्या बायकोला घासू देऊ नकोस.

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन करून घे. हरेश्वरचा रंग बाटलीतच राहू दे. दारावरचे बाबांचे पिवळट ठिपके काढू नकोस, विपुलला तशीच गाडी चालवू दे.

त्यांना गावी पाठवू नकोस, घर त्यांचं आहे. मात्र मी कधी सुटून आलो तर दार तू उघड, बाबांना पुढे येऊ देऊ नकोस. मी काही करणार नाही असं मनापासून वाटतंय, पण माझ्या हातांवर माझा अजून भरवसा नाही.

भीती वाटली तरी लोभ राहू दे.
तुझा,
सुयोग