बाबांची दाढ निळी केली

३ मार्च
बाबांची उजवी खालची दाढ कॉम्प्युटरवर उभी केली. जन्मभर हाडं फोडून पार झिजलीय, पण चावायला कामाची तेवढीच उरलीय. ताण जास्त तिथे लाल, कमी तिथे निळं, असा माझा प्रोग्रॅम. दाढ अख्खी लाल. फेहिन (बायको, तीही डेंटिस्ट) म्हणाली, कॅप बसव नि मोकळा हो. कॅप काय, आमच्या इबादान शहरात कुणीही बसवतं! मी फिलिंगचा आकारच असा काढणार की कॅपवाले तोंडात बोटं घालतील.

११ मार्च
चावण्याचा जोर किती धरायचा? परदेशी रिसर्च पेपरातला आकडा उचलला. फेहिनचं कुजकं बोलणं: तिकडचे लोक मऊ पाव खातात, आधी बाबांना विचार ते काय खातात. पेशंटला काय कळतंय?

१९ मार्च, दुपारी
दाढ निळी! सगळ्यात कडक मटेरियल, बाबांच्या दाढेत खोलवर भरलंही. बाबांनी विचारलं, माझ्या बहिणीच्या, मोसूनच्या लग्नबोलणीत ओरोग्बो फोडता येईल ना. आमच्याकडे त्या टणक फळाचा पहिला तुकडा मुलीचा बाप दातानं तोडतो, मग सोयरे खातात. म्हटलं, दगड फोडा.

२ एप्रिल
बाबांना कोंबडीचं हाड फोडताना कळ येते म्हणे. फोडू नका म्हटलं. तर म्हणाले, मग कोंबडी मारलीच कशाला, पेजच वाढ की. हट्टी झालेत. मॉडेल पुन्हा पाहिलं. निळंच. कळ मनाची असणार.

१० एप्रिल
या फिलिंगवरचा माझा पेपर कॉन्फरन्सला पाठवला. शीर्षकात 'यशस्वी' घातलं. फेहिन म्हणते, अजून वेळ आहे, कॅप बसव. जळते.

१८ एप्रिल, संध्याकाळी
लग्नबोलणी झाली. बाबांनी ओरोग्बो दाढेखाली धरलं. कट्‌कन आवाज आला. फळ फुटलं समजून सोयऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबा रुमालात थुंकले. रक्त. तरी हसत बसले, मोसूनला आशीर्वाद दिला. जेवले नाहीत. फळच खराब असावं.

२० एप्रिल
दाढ मुळापर्यंत उभी चिरली होती. फेहिननं काढली. बाबांनी मला खोलीत येऊ दिलं नाही.

५ मे
पेपर स्वीकारला. घरी कुणाला सांगितलं नाही. दाढेचे दोन तुकडे टेबलावर आहेत. मधलं फिलिंग दिव्याखाली धरून पाहिलं, एक चरा नाही. मॉडेल तसं बरोबरच होतं.
बाबा गारी, म्हणजे कसाव्याचा रवा, पाण्यात कालवून पितात. कोंबडी शिजली की उठून अंगणात जाऊन बसतात. आज तिथे जाऊन पहिल्यांदा विचारलं, बाबा, तुम्हाला काय खायला आवडतं. म्हणाले, आता कशाला विचारतोस.