कार्डावरचं वय

आई, तुझं वय मी वाढवलं होतं, आठवतं? जरीपटक्याच्या आधार कॅम्पात. तुझ्याजवळ जन्माचा कागद नव्हता, आणि काटोलला मावशीकडे जायला तुला एसटीचं अर्धं तिकीट हवं होतं. मी तिथल्या माणसाला बिनधास्त बारा वर्षं जास्त सांगितली. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "काहून वं, एवढी बुढी दिसून राहिली का मी?" दिसत होतीस. कळमन्याच्या बाजारातल्या उन्हात जन्मभर संत्री निवडल्यावर दुसरं काय होणार? रस्ताभर हसलो आपण दोघी.

दोन वर्षांनी तुझ्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी कार्ड पाहिलं. बहात्तर. म्हणाले, "या वयात हा रोग सावकाश चालतो. छातीतली गाठ तेवढी काढू. बगलेतल्या गाठी तपासायला आजींना आणखी कशाला चिरायचं?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी 'साठ' एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंच नाही. कार्ड खोटं निघालं तर मोफत उपचार बंद होतील अशी भीती होती. आणि खरं सांगते, कमी चिरणार म्हणून मला बरंही वाटलं. रोग मात्र बगलेत दबा धरून बसला होता. दीड वर्षात तो तुझ्या मणक्यात उतरला. मग एसटीची पायरी तुला चढता आली नाही.

तुला जाऊन दहा वर्षं झाली. आता मीच एका दवाखान्यात रुग्णांच्या नोंदी भरते. म्हाताऱ्या बायांचा रोग बगलेत पसरला असेल का, याचा अंदाज सांगणारा प्रोग्राम आमच्याकडे नुकताच आलाय. काल दुपारी जेवण सोडून तुझी जुनी फाइल घेऊन बसले. वय बहात्तर टाकलं. शक्यता कमी, म्हणाला. डॉक्टर बोलले होते तेच. मग साठ टाकलं. तर हा अंदाज फक्त सत्तरीपुढच्या रुग्णांसाठी आहे, असं लिहून आलं. त्या निर्जीव डब्याला क्षणात कळलं की तू त्या रांगेतली नाहीस. मला तर आधीपासून माहीत होतं.

आणि थट्टा बघ, आता एसटीत सगळ्याच बायांना अर्धं तिकीट आहे. वय कोणी विचारत नाही.

डॉक्टरने घात केला, असं मी आजवर मावशीला सांगत आले. अजूनही ती त्याला शिव्या घालते आणि मी मान डोलावते. हे पत्र तू असतीस तरी मी पाठवलं नसतं. तुला वाचता येत नव्हतं. तू ते मावशीकडून वाचून घेतलं असतंस.