मैत्रीच्या वहीतलं पान

प्रिय भिंगरी,

हे पत्र आमच्या माळीदादांच्या हाती पाठवते आहे. वाचलंस की चुलीत घाल. आधी महत्त्वाचं सांगते: येत्या रविवारी पोरांना घेऊन बागेत पाऊल टाकू नकोस. का ते सांगेन, पण सरळ मुद्द्यावर येणं मला जन्मात जमलेलं नाही.

बागेतल्या मेंदीच्या भूलभुलैयाच्या उद्घाटनाला किती हसलो होतो गं आपण! दोन दारं, एक तुमच्या वस्तीकडे, एक आमच्या. दोन्हीकडची माणसं वाट चुकत चुकत मधल्या बाकावर भेटणार, की झाली दोन संस्कृतींची मैत्री. मोठे साहेब भाषण ठोकून आत शिरले ते अर्धा तास सापडेनात. माळीदादांनी हाताला धरून बाहेर आणलं, तर म्हणतात कसे, शांतता फार खोल आहे हो!

तेव्हाच मला शहाणपण सुचलं. बाकावर मैत्रीची वही ठेवली. येणाऱ्याने नाव लिहायचं, घराचा पत्ता, घरात बोलतात ती भाषा. तू तर तुमच्या अख्ख्या आळीला ओढून आणलंस. तुझ्या धाकटीने शाळेचं नावसुद्धा लिहिलं, वर एक फूल काढून. साहेबांनी मला कौतुकाचं पत्र दिलं आणि मी बावळट, ते चौकटीत लावून बसले.

सोमवारी हुकूम आला, मेंदी कमरेपर्यंत छाटा, नजर आरपार गेली पाहिजे. माळीदादा एरवी कुत्र्याशीही तासभर गप्पा मारतात. दोन दिवस कात्री चालवली, पण कुत्रा जवळ आला की त्यालाही हाकलत होते. आता आत कोण फिरतंय ते रस्त्यावरून दिसतं. बुधवारी तुमच्याकडच्या दाराला कुलूप लागलं. दुरुस्ती म्हणे. दार चांगलं ठणठणीत आहे. आज सकाळी बागेच्या कचेरीत माझ्याकडे दोघे आले, फुलांकडे ढुंकूनही न बघणारे. काय ते गोड बोलणं! ताई, रविवारी मैत्रीचा मेळावा ठेवलाय, वहीतल्या सगळ्यांना बोलवायचंय. वही तेवढी द्या, तुम्हाला कशाला त्रास, निमंत्रणं आम्हीच घरोघरी नेऊ.

मी वही दिली. द्यावीच लागली असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं कशाला? घाबरले आणि दिली. देण्याआधी वही घेऊन चहाच्या निमित्ताने आत गेले, तेवढ्यात तुझं पान फाडलं. फक्त तुझं. त्याच पानाच्या मागच्या बाजूला शिंपीणबाईंच्या घराचा पत्ता होता, तोही त्यात सुटला. बाकी सगळे वहीत आहेत. आणि पानांवर लाल शाईने आकडे मीच घातलेत, शिस्त म्हणून. सेहेचाळीसनंतर एकदम एकोणपन्नास. हे त्यांच्या लक्षात येईल आणि ते मला विचारायला येतील. मी धीराची नाही, तुला ठाऊक आहे. एक दिवस गप्प राहीन, फार तर दोन. तेवढ्यात जमतील तितकी दारं ठोठाव, शिंपीणबाईंना सोबत घे आणि पोरांना घेऊन नीघ. कुठे जातेस ते मात्र मला कळवू नकोस.

तुझीच, अजून तरी,
भोपळी