कव्हर कोणत्या पक्षाचं

मेहकर,
शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सकाळी साडेसहाला उठलो. नळ आला नाही. वरणभात लावला, दुपारी तोच खाल्ला. चष्म्याची दांडी बसवून आणली. अकरा वाजता तुझं पत्र आलं.

तीर्थस्वरूप शालूअक्का,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझा खोकला बसला असेल आणि शेषराव भाऊजींचे गुडघे थंडीने फार कुरकुरत नसतील असं धरून चालतो. (त्यांना म्हणावं, तिळाचं तेल चांगलं गरम करून लावा. हे मला आमच्या डेपोतल्या एका जुन्या कंडक्टरने सांगितलं. त्याचे स्वतःचे गुडघे बरे झाले नाहीत, पण सांगतो छान.) फोन न करता पत्र लिहितो याचा राग मानू नकोस. मागच्या खेपेला तुला ऐकू यावं म्हणून मी इतक्या जोरात बोललो की माझं बीपी किती आहे ते सगळ्या गल्लीला समजलं, आणि शेवटी तू विचारलंस, कोण बोलतंय.

तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत. मी वेळेवर जेवतो का, हा पहिला. जेवतो. दुसरा, मेहकरात सध्या कोणाचं वारं आहे. अक्का, हे तू तरी विचारायला नको होतं. पिंपळगाव राजाहून आजवर तुझी जितकी पत्रं आली त्यांत पाऊस, पोरीबाळी आणि लोणचं याच्या बाहेर तू कधी गेली नाहीस. आता तूही विचारतेस म्हटल्यावर मला सगळं सविस्तर लिहिणं भाग आहे. कारण ते वारं माझ्या अंगावरून कसं गेलं हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळलं, तर तुला वाटेल मी निवडणुकीला उभा आहे.

तुला ठाऊक आहे, मी वाचणारा माणूस नाही. बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून एकतीस वर्षं काढली. वेळापत्रक वाचलं आणि माइकवर बोललो. घरी येईपर्यंत बोलणं संपलेलं असायचं. वाचणारी होती ती वंदना. अंगणवाडी सुटली, घरचं आवरलं की पाच ते सात ती वाचनालयाचं पुस्तक घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायची आणि जेवताना मला त्यातली गोष्ट सांगायची. पुस्तक घरात आलं की आधी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर. तिचे हात हळदीचे असायचे, आणि वाचनालयाचं पुस्तक म्हणजे दुसऱ्याचं लेकरू, जसं आणलं तसं परत नेऊन द्यायचं, हा तिचा नियम. चैत्रात ती गेल्यावर मी तिचं सभासदत्व बंद करायला वाचनालयात गेलो. तिथल्या अनुपमाबाईंनी नाव खोडायला पेन उचललं. मी म्हटलं, राहू द्या, एखादं पुस्तकच द्या. कोणतं, असं त्यांनी विचारलं. मला काही सुचेना. ज्यात काहीतरी घडतं असं द्या, म्हणालो. तेव्हापासून मी रहस्यकथा वाचतो.

पाच ते सात घरात बसवत नाही, म्हणून पुस्तक घेऊन बाजारातल्या रहेमतुल्ला टेलरच्या दुकानी जातो. त्याच्या मशीनसमोर गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं आहे. तो शिवतो, मी वाचतो. सातला तो म्हणतो, "चला भाऊ," मी म्हणतो, "चला." आठ महिने आमचं एवढंच बोलणं आणि दोघांचंही काही अडलं नाही.

आता निवडणुकीकडे येतो. नगराध्यक्षपदाला यंदा दोघे तगडे आहेत. राजकुमार, त्यांची निशाणी कपबशी. अर्जुनराव, त्यांची निशाणी शिलाई मशीन. (निशाणी मशीन आली हे ऐकून रहेमतुल्लाने दोन्ही हात कपाळाला लावले. त्याला पुढचं तेव्हाच दिसलं होतं. मला दिसलं नाही.) पंधरा दिवसांपूर्वी मी नवं पुस्तक आणलं. डोंगरातला बंगला, त्यात एका शेटजींचा खून. नेहमीप्रमाणे वरचंच वर्तमानपत्र घेतलं, कव्हर घातलं आणि बाकड्यावर जाऊन बसलो. पुढच्या पुठ्ठ्यावर राजकुमार हात जोडून अख्खे छापलेले आहेत आणि मागच्यावर बशीसकट कप आहे, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. पुस्तक वाचताना कव्हर समोरच्याला दिसतं, आपल्याला नाही.

ते पहिल्यांदा पाहिलं गोकुळने. हा राजकुमारांचा कार्यकर्ता, दिवसभर गळ्यात उपरणं घालून फिरतो. तो रस्त्यातूनच ओरडला, "काऊन हो कंट्रोलर काका, आमाले सांगतलं बी नाही! आम्ही तर तुमाले तिकडच्या यादीत टाकून बसलो व्हतो." माझ्या शेजारी बसून त्याने मला वॉर्डाचा हिशोब समजावून सांगितला. मी काही बोललो नाही. तो उठताना रहेमतुल्लाला म्हणाला, "बोलत नाही म्हंजे यायचं पक्कं हाय."

घरी येऊन मी कव्हर काढलं आणि उलटं करून घातलं, म्हणजे आतली बाजू बाहेर. आतल्या बाजूला अर्जुनराव होते. अक्का, एकाच कागदाच्या दोन बाजूंना दोघे छापलेले असतील हे मी कसं ओळखणार? दुसऱ्या दिवशी सहा वाजेपर्यंत सगळ्या बाजारात झालं की कंट्रोलर काकांनी एका रात्रीत पक्ष बदलला. चहावाला रोषाने विचारतो, या वयात असं शोभतं का. एक म्हातारे गृहस्थ, ज्यांना मी ओळखतही नाही, माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "काय भेटलं राजेहो? आमाले बी सांगा." त्या दिवशी मी पान चौसष्टवर होतो. शेटजी दिवाणखान्यात पालथे पडले होते आणि पोलिसांना निरोप गेला होता.

मग मी पतसंस्थेच्या जुन्या कॅलेंडरचं पान लावलं. त्या पतसंस्थेचे अध्यक्ष अर्जुनरावांचे साडू निघाले. भगवा कागद लावायची सोय नव्हती, हिरव्याची नव्हती, निळ्याचीही नव्हती. पिवळा लावला तर कोणीतरी सांगितलं की तिसऱ्या वॉर्डातल्या अपक्षाची पत्रकं पिवळीच आहेत. पांढरा कोरा लावला, तेव्हा गोकुळ म्हणाला, "म्हंजे तुमाले कोणीच पसंत नाही? असा राग बरा नाही काका." खाकी लावला, तर मी काय लपवतो आहे हे पाहायला तिघांनी पुस्तक हातात घेतलं आणि एकाने खुनी कोण ते सांगून टाकलं. (खरं सांगितलं की नाही माहीत नाही. तो माणूस मतदानाचंही काही खरं सांगत नाही.)

हे फक्त पुस्तकाचं नाही. मेथी घ्यायला गेलो तर जुडीच्या भावावरून सरकार निघतं. कटिंगला बसलो तर अर्धं डोकं झालं की वस्तरा हातात धरून कटिंगवाला मला मत विचारतो. मागच्या आठवड्यात जानेफळहून एक जुने ओळखीचे ड्रायव्हर आले, वंदनाचं त्यांना उशिरा कळलं म्हणून भेटायला. दोन मिनिटं मान खाली घालून बसले. मग डोळे पुसले आणि विचारलं, "तुमचा वॉर्ड कोन्ता येतो?"

एक प्रकार तर लिहायलाही लाज वाटते. राजकुमारांच्या माणसांनी प्रचाराची रिक्षा दुकानापुढे उभी केली आणि माइक माझ्या तोंडाशी धरला. म्हणे, तुमचा आवाज तालुक्याच्या ओळखीचा आहे, फक्त निशाणी सांगा. माइक समोर आल्यावर माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मेहकरहून जानेफळकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर उभी आहे." समोरच्या पायरीवर बसलेल्या दोन बाया पिशव्या घेऊन उठल्या आणि रिक्षात जाऊन बसल्या. त्यांना उतरवायला वीस मिनिटं लागली.

हसू नकोस, यातून रहेमतुल्लाचं नुकसान झालं. तुळशीचं लग्न लागलं की शिलाईचा हंगाम सुरू होतो. कपबशीवाल्यांना वाटलं, दुकानात मशीन आहे म्हणजे हा तिकडचा. मशीनवाल्यांना वाटलं, काकांनी कपबशी इथेच बसून दाखवली म्हणजे हा कपबशीचा. दोन्हीकडच्या लग्नांचे कपडे दुसरीकडे जाऊ लागले. एकाने तर येऊन सांगितलं, मतदानापर्यंत मशीन झाकून ठेव. "मशीन झाकू तर शिवू कायच्यावर, तुमच्या डोक्यावर?" असं रहेमतुल्ला म्हणाला, पण तो माणूस गेल्यावर. मला मात्र एका शब्दाने बोलला नाही. चहा कपबशीऐवजी ग्लासात मागवायला लागला, एवढंच. ते ग्लास पाहिले आणि मी ठरवलं, आता जायचं नाही.

चार दिवस गेलो नाही. पाच ते सात घरीच होतो. त्याबद्दल काही लिहीत नाही.

पाचव्या दिवशी, म्हणजे परवा, रहेमतुल्ला घरी आला. आठ महिन्यांत पहिल्यांदा. बस म्हटलं तर बसला नाही, दारातच उभा राहिला. म्हणाला, "भाऊ, एक चीज हाय माझ्याकडं. चैत्रापासून हाय." खिशातून त्याने कागदाची पुडी काढली. वंदनाने जाण्याच्या आठवडाभर आधी ब्लाऊज शिवायला टाकलं होतं. त्याने कापून ठेवलं, आणि मग ती बातमी आली. "कैची चालून गेली होती, मशीन नाही चालली. तुम्ही रोज समोर बसता. रोज वाटे, आज देतो. तुमाले काय म्हणून देऊ, तेच समजे ना." जांभळा कपडा होता, त्यावर बारीक बारीक पोपटी ठिपके. मग तो खाली बघत म्हणाला, "तुमच्या किताबाले कव्हर करू का याचं? इजाजतशिवाय मशीनवर घेणार नाही. नको म्हणाल तर असंच ठेवून जातो."

अक्का, मी त्या कपड्याकडे पाहत होतो. ते कधी अंगावर चढलं नव्हतं, तिच्या मापाचं मात्र होतं. ठेवून घेतलं असतं तर पेटीत गेलं असतं आणि मी पेटी उघडली नसती. मी हो म्हटलं. दाराला कुलूप लावलं आणि त्याच्याबरोबरच दुकानी गेलो.

पाठीचा तुकडा त्याने पुस्तकाच्या पाठीवर घेतला आणि दोन्ही बाह्या दोन्ही बाजूंना जोडल्या. पुठ्ठे आता बाह्यांत जातात. फार नीट बसलं. मी बाकड्यावर पान चौसष्ट उघडून बसलो, आणि पाच मिनिटांत गोकुळ हजर. आधी लांबून पाहिलं, मग जवळून, मग वाकून. "काका, हा रंग कोनाचा बॉ? नवीन पॅनल आलं का?"

रहेमतुल्लाने मशीन थांबवली. "वंदना वहिनीचा," म्हणाला.

गोकुळ तसाच वाकलेला राहिला. मग बसला. गळ्यातलं उपरणं काढून मांडीवर ठेवलं. मला वाटलं आता परत वॉर्ड निघणार. तो म्हणाला, "काकूच्या अंगणवाडीत व्हतो मी. खिचडी लय पातळ करे काकू."

"पातळ?" रहेमतुल्ला म्हणाला. "माझा जावेद तर ग्लासानं पिऊन येई."

"अन् वरून म्हणे, दाताले तरास नको पोरायच्या!"

मी हसलो. चुकून मोठ्याने हसलो. मग मीही सांगितलं की घरीसुद्धा खिचडी तशीच असायची आणि एकतीस वर्षं मला वाटायचं की मेहकरचे तांदूळच तसे. अक्का, आठ महिन्यांत बाजारात तिचं नाव काढताना लोक आवाज खाली आणायचे आणि लगेच दुसरं काहीतरी काढायचे. त्या दिवशी चहावाला आला, समोरचा भांडीवाला आला, तासभर तिची खिचडी, तिची छत्री, तिचं पोरांना कान धरून रांगेत उभं करणं, हेच चाललं होतं. बरंचसं तिच्याविरुद्ध होतं. मला फार बरं वाटलं. निवडणूक कोणी काढली नाही. काढली असती तरी चाललं असतं, असं मला नंतर वाटलं. गोकुळ जाताना त्याच्या भाच्याच्या लग्नाचे दोन सदरे शिवायला टाकून गेला. वाचन मात्र एक ओळही झालं नाही, शेटजी अजून तसेच आहेत.

तेव्हा वाऱ्याबद्दल मला काही सांगता येत नाही. माझं सगळं ठीक आहे, काही लागत नाही, कसली काळजी करू नकोस. भाऊजींना नमस्कार, तुझ्या प्राचीला आणि तिच्या लेकराला आशीर्वाद.

तुझा,
गोविंदा

ता. क. काही लागत नाही असं वर लिहिलं, पण एक विचारायचं राहिलं. तेराव्यानंतर मी वंदनाच्या सगळ्या साड्या तुझ्या हवाली केल्या आणि वाटून टाक म्हटलं. त्यात एक जांभळी असेल, पोपटी काठाची. नवीच असावी, कारण ब्लाऊज शिवून यायचं होतं. ती अजून कोणाला दिली नसशील तर पाठवशील का? तिने ती नेसलेली मी पाहिलेली नाही.

पुन्हा ता. क. प्राचीला दिली असशील तर परत मागू नकोस. तिला शोभेल. फक्त काठ किती बोटांचा आहे ते कळव.

आणखी एक. पाठवलीस तर तिची घडी तूच घालून पाठव. मला येत नाही. ती एक टोक मला धरायला लावायची आणि दुसरं टोक घेऊन चालत माझ्याकडे यायची, तेवढंच मला येतं. बाहेर दोरीवर चादर वाळली आहे. ती आणतो, एक टोक कडीत अडकवतो आणि घडी करून ठेवतो.