आईचा दगड

ओनायडा, विस्कॉन्सिन
१४ सप्टेंबर १९७८

ती. ताईस,
धाकट्या ऑर्विलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले, उत्तर आज देतोय. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीकच म्हणायची. उजव्या हाताची बोटं सकाळी सरळ होत नाहीत, गरम पाण्यात बुडवून बसावं लागतं. एकसष्टाव्या वर्षी एवढं चालायचंच. पण ताई, फार थकलोय गं. रात्रभर झोपूनही थकलेलाच उठतो.

आईच्या कबरीसाठी चुनखडीचा तुकडा निवडलाय. वर आपल्या कुळाचं कासव, खाली पाठीवर मक्याची टोपली घेतलेली आई. कासवाची पाठ निम्मी झाली आणि अब्राम म्हातारा दारात हजर. तो लांडगा कुळाचा, म्हणजे आपल्या दुःखात आपली कामं करणाऱ्या पलीकडच्या बाजूचा, त्यामुळे त्याला गप्प बसवताही येत नाही. म्हणाला, ज्याच्या घरात दुःख त्याने कामाला हात लावायचा नसतो. तुझ्या आईची कबर आम्ही खणली, चुली आम्ही सांभाळल्या, मग दगड तू कसा घडवतोस? मी म्हटलं, कुदळीचं मला ठाऊक आहे, छिन्नीचं कुणी सांगून ठेवलंय? तर म्हणे, मला शहाणपणा शिकवू नकोस, बहिणीला विचार.

आता घरात थोरली तूच, तेव्हा शब्द तुझा. नुसतं ‘कर’ एवढं लिहून पाठव. आईसाठी माझ्या हातून एवढं तरी व्हायला हवं.

भाओजींना नमस्कार. चिडलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा
ऑर्विल


थेम्सकाठची ओनायडा वस्ती, कॅनडा
२ ऑक्टोबर १९७८

चि. ऑर्विल यास,
लॅव्हिनियाचे अ. उ. आ.

इकडे मक्याची कणसं वाळवायला टांगण्यासाठी त्यांच्या वेण्या घालायचं काम चाललंय. कंबरेचे बारा वाजलेत. तुझे भाओजी मदतीला येतो म्हणतात आणि सूप झालं का विचारून परत जातात. बाकी सगळं बरं.

‘कर’ लिही म्हणालास. नाही लिहिणार. अब्रामचं बरोबर आहे.

एक गोष्ट मी तुला आजवर सांगितली नव्हती. आई गेली त्या दिवशी तू मिलवॉकीला तुझ्या दगडी शिल्पांच्या प्रदर्शनात होतास. तिने दोनदा विचारलं, ऑर्विल आला का. मी म्हटलं, निघालाय. त्यावर ती म्हणाली, येऊ दे सावकाश, तिथे लोक त्याला आपल्या ओनायडा जमातीच्या कुळांबद्दल विचारत असतील. जा म्हणून तुला तिनेच ढकललं होतं ना? पण तू ते मानत नाहीस. आता हाताची वाट लावून तो दगड फोडतोयस, तो तिच्यासाठी नाही बाबा, स्वतःला शिक्षा म्हणून.

काम पलीकडच्यांनी का करायचं? आपल्याला रडायला मोकळीक मिळावी म्हणून. आणि तू? दहाव्या दिवसाच्या जेवणाला डोळ्यांतून टिपूस नाही, बाकं उचलत फिरत होतास. मला तुझी भीती वाटते रे.

दगड डेल्फीनला दे. अब्रामच्या बहिणीची मुलगी, आईचं कूळ तेच लेकीचं, म्हणजे तीही लांडगाच, आणि तुझ्याच हाताखाली शिकलेली. तिची कासवं तळलेल्या भाकरीसारखी चपटी होतात असं तूच म्हणायचास, माहीत आहे. होऊ देत चपटं.

जेवणखाण वेळेवर कर. राग आला तर पत्रातून काढ, पण पत्र पाठव.

तुझी
ताई


ओनायडा, विस्कॉन्सिन
१९ नोव्हेंबर १९७८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला तो रागामुळेच. आठवडाभर तुझं नाव काढलं नाही. मग एक दिवस गुपचूप डेल्फीनकडे गेलो आणि दगड घेऊन जा म्हणालो. ती म्हणाली, इथेच करते, तुम्ही खुर्चीवर बसायचं, हात मात्र लावायचा नाही. चांगलीच हुकूम सोडायला लागली आहे पोरगी.

बसलो. ती चुकीच्या जागी घाव घालायची आणि मी दात आवळून बसायचो. एक दिवस तिने विचारलं, तुमची आई टोपली उचलताना वाकायची कशी? उठलो, टोपलीचा पट्टा कपाळावर घेतला आणि आईसारखा वाकलो. तसाच राहिलो, ताई. मला सरळच होता येईना. इतका रडलो की जमिनीवर बसलो. डेल्फीनने मान वर केली नाही, ठोकत राहिली. अब्रामने येऊन कॉफी ठेवली आणि गेला.

काल दगड बसवला. लांडग्यांनीच उचलून नेला, मी रिकाम्या हातांनी मागून चाललो. कासवाचा एक पाय तिरका आलाय. असू दे तिरका. आई मात्र आईच दिसते, अगदी वाकलेली.

परतताना अब्रामने मला बाजूला घेतलं. म्हणाला, चौऱ्याऐंशी झाले मला, आता लक्षात ठेव, माझा दगड तू करायचास. डेल्फीन हट्ट करेल, तिला छिन्नी देऊ नकोस. तिला रडायचं असेल.

मी हो म्हणालो.

सर्वांना नमस्कार. आहे तेवढाच लोभ पुरे, कमी मात्र नको.

तुझा
ऑर्विल