गाळलेले झटके

प्रिय जुईबाई,

वाकोल्याच्या आर्याला गुरुवारपासून ते तिसरं औषध सुरू होणार आहे. आज दुपारी डॉक्टर मॅडमनीच फोनवर सांगितलं. आठवते ना आर्या? दवाखान्याच्या बाकावर तुझी बिस्किटं खायची ती. तिलाही तुझाच आजार, फिट येण्याचा तोच दुर्मीळ प्रकार. आधीची दोन औषधं चालूच राहतील, हे त्यांच्या जोडीला. आता रात्री तुला लिहायला बसलोय.

तुलाही ते द्यायचं का, हे मॅडम तुझ्या वहीवरून ठरवणार होत्या. झटका किती वाजता आला, किती वेळ राहिला, सगळं घरी लिहायचं. आई म्हणाली, "पेपरात आहेस ना, मग तूच लिही."

आणि मी काय केलं? वीस वर्षं डेस्कवर बातम्या छाटल्या, तशीच तुझी वही छाटली. मोठी फिट आली की लिहायचो. मान झुकणं, हातातला चमचा उडणं हे रोजचंच, आणि रोजचं ते गाळायचं! तू मात्र सोडायची नाहीस. पोहे खाताना हात उडाला की म्हणायचीस, "बाबा, हललं. लिही ना."

"हो गं, लिहितो."

नाही लिहिलं, जुई.

मॅडमनी वही पाहिली. बरंच आटोक्यात दिसतंय, म्हणाल्या, तिसऱ्या औषधाचं पुढच्या भेटीत बघू. मला तर अभिमान वाटला, किती नेटकी वही! त्या भेटीला चार दिवस उरले होते आणि सकाळी तू उठलीच नाहीस.

नंतर मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या औषधाने तू वाचलीच असतीस असं म्हणता येत नाही. खरं असेल. असली सावध वाक्यं मीच आयुष्यभर लिहीत आलोय. पण एकदा तरी तुला ते मिळायला हवं होतं ना?

आईने परवा ती वही पहिल्यापासून वाचली. चिडली नाही, रडली नाही. एवढंच विचारलं, "चमच्याचं कुठाय रे यात?" आपल्या मुलुंडच्या घरात तेव्हापासून आम्ही दोघं फार बोलत नाही.

संध्याकाळी आर्याच्या आईचाही फोन आला. माझी शाळा चौथीतच सुटली, नीट लिहिता येत नाही, दादा, आर्याची वही तुम्ही लिहून द्याल का, म्हणाली. मी म्हटलं, नीट नकोच. दिसेल तसं मला सांगायचं.

गुरुवारी सकाळी दवाखान्यात आर्याला पहिला डोस देतील. मी नवी वही घेऊन जाणार आहे. पुढचे काही आठवडे रोज फोन करून विचारीन, आज काय काय हललं? नुसती मान झुकली तरी वहीत जाईल. औषध वाढवायचं की थांबवायचं, ते मॅडम त्या वहीवरूनच ठरवणार आहेत.

एकही ओळ गाळणार नाही. या वेळी लिहितो गं.

तुझा,
बाबा